नेटमध्ये जमलेला फटका सामन्यात का हरवतो?

मधली_फळी

शाळकरी मुलांना क्रिकेट शिकवण्यात माझे रविवार गेली अकरा वर्षे जात आहेत. या काळात एक प्रसंग मी इतक्या वेळा पाहिला आहे की त्याचे नवल वाटेनासे झाले होते. मुलगा नेटमध्ये उभा राहतो, मी दहा-बारा पावलांवरून एकाच जागी टप्पा पडेल असे चेंडू टाकत राहतो आणि विसाव्या-पंचविसाव्या चेंडूपर्यंत त्याचा कव्हर ड्राईव्ह असा काही बसतो की जाळीबाहेर उभे असलेले त्याचे वडील माझ्याकडे पाहून समाधानाने मान डोलावतात. पुढच्या शनिवारी सामन्यात तोच मुलगा तशाच चेंडूवर बॅट आणि पॅड यांच्या फटीतून त्रिफळाचीत होतो. वडील म्हणतात, दडपण आले. मीही बरीच वर्षे तेच म्हणत होतो. शारीरिक शिक्षणाचा अभ्यास करताना काढलेली कारक, म्हणजे शरीराच्या हालचालींच्या, कौशल्यांच्या मानसशास्त्राची टिपणे अलीकडे पुन्हा हाती लागली, आणि त्या मुलाला तो फटका मुळात आला तरी होता का, अशी शंका येऊ लागली.

आपल्याकडच्या प्रशिक्षणवर्गांत बहुतेकांनी ऐकलेला सिद्धांत पॉल फिट्स आणि मायकेल पॉस्नर यांचा आहे. त्यांचे पुस्तक 1967 साली आले. त्यात शिकण्याचे तीन टप्पे सांगितले आहेत. पहिल्या टप्प्यात शिकणारा प्रत्येक हालचाल मनात बोलून करतो, दुसऱ्यात चुका हळूहळू घटतात आणि हालचालींचे तुकडे एकमेकांना जोडले जातात, आणि तिसऱ्यात कौशल्य इतके अंगवळणी पडते की लक्ष दुसरीकडे वळवता येते. सायकल चालवायला शिकलेल्या कोणालाही हे पटेल. माझी अडचण अशी की एका टप्प्यातून पुढच्यात कसे जायचे, याबद्दल या मांडणीतून फारसे हाती लागत नाही. मग आपण सगळे सोपा अर्थ काढतो: एकच गोष्ट शंभर वेळा करा, म्हणजे ती अंगवळणी पडेल.

या समजुतीला पहिला मोठा धक्का 1979 साली जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांच्या प्रयोगाने दिला. विद्यार्थ्यांनी हातात टेनिसचा चेंडू धरून समोरचे छोटे लाकडी अडथळे ठरावीक क्रमाने शक्य तितक्या वेगाने पाडायचे, असे ते काम होते. क्रम तीन होते आणि प्रत्येकाचे अठरा, म्हणजे एकूण चौपन्न प्रयत्न करायचे होते. एका गटाने पहिला क्रम अठरा वेळा, मग दुसरा, मग तिसरा असा सराव केला. याला आपण एकजिनसी सराव म्हणू. दुसऱ्या गटाला तिन्ही क्रम उलटसुलट करावे लागले. तो सरमिसळ सराव. सराव चालू असताना एकजिनसी गट स्पष्टपणे पुढे होता. दहा मिनिटांनी आणि पुन्हा दहा दिवसांनी चाचणी घेतली, तेव्हा चित्र उलटले आणि सरमिसळ गट पुढे गेला. 1986 मध्ये सिनाह गूड आणि रिचर्ड मॅगिल यांनी हाच विचार बॅडमिंटनच्या लांब, आखूड आणि ड्राईव्ह या तीन सर्व्हिसवर तपासला. तिथेही सरमिसळ पद्धतीने शिकलेल्या मुली नंतरच्या चाचणीत सरस ठरल्या, आणि सराव उजव्या बाजूच्या कोर्टातून करून चाचणी डावीकडून घेतली तरी त्यांची आघाडी टिकली.

मला सर्वांत अस्वस्थ केले ते डॉमिनिक सायमन आणि रॉबर्ट बियॉर्क यांच्या 2001 सालच्या अभ्यासाने. त्यात शिकणाऱ्यांनाच विचारले होते की उद्या तुम्हाला हे कितपत जमेल. एकजिनसी सराव केलेल्यांचा अंदाज मोठा होता आणि दुसऱ्या दिवशीची कामगिरी मात्र मागे पडलेली होती. म्हणजे सराव जितका सुरळीत, तितका तो करणारा आपल्या शिकण्याविषयी अधिक फसण्याची शक्यता आहे. जाळीबाहेर मान डोलावणारे वडील आणि आत चेंडू टाकणारा मी, आम्ही दोघेही त्याच फसवणुकीत सामील होतो.

इथे खेळाडू आहेत, शिकवणारे आहेत आणि या विषयात संशोधन करणारेही आहेत. आपापल्या खेळात हे कितपत खरे ठरते, ते वाचायला आवडेल.

शटलवाला

मी वयाच्या अडतिसाव्या वर्षी बॅडमिंटन शिकायला सुरुवात केली, त्यामुळे माझे मत नवख्याचे समजावे. आखूड सर्व्हिस सलग तीस वेळा केली की शेवटच्या दहा जाळीला घासून जातात, आणि सामन्यात पहिलीच सर्व्हिस जाळीत अडकते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. सामन्यात सर्व्हिस एकदाच करायची असते, मागच्या एकोणतीस सर्व्हिसची ऊब तिच्यामागे नसते, हे तुमचा लेख वाचताना प्रथमच लक्षात आले. पण सरमिसळ केल्याने मेंदूत नेमके काय घडते? गोंधळ वाढल्याने शिकणे सुधारते, हे ऐकायला विचित्र वाटते.

मधली_फळी

शटलवाला, याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात आणि दोन्ही थोडीथोडी खरी असावीत, असे मला वाटते. शे यांचे म्हणणे असे की तीन कामे एकमेकांशेजारी आली की मन त्यांची तुलना करू लागते. आखूड सर्व्हिसमध्ये मनगट कुठे थांबते आणि लांब सर्व्हिसमध्ये कुठे सुटते, हा फरक जाणवल्यामुळे दोन्हींची स्मृती अधिक ठसठशीत होते. टिमोथी ली आणि मॅगिल यांचे म्हणणे वेगळे आहे. लागोपाठ तीच सर्व्हिस केली की तिची आखणी मनात तयारच असते आणि आपण ती नुसती पुन्हा वापरतो. मध्ये दुसरी सर्व्हिस आली की पहिलीची आखणी विसरली जाते आणि ती नव्याने जुळवावी लागते. ही जुळवाजुळव हाच खरा सराव. उत्तर फळ्यावर दिसत असताना तेच गणित वीस वेळा उतरवून काढणे आणि प्रत्येक वेळी ते नव्याने सोडवणे, यांतला हा फरक आहे.

तेढी_अढी

मी बारा वर्षांखालील मुलींना मल्लखांब शिकवते. वरची चर्चा वाचून थोडी काळजी वाटली, म्हणून लिहिते आहे. पुरलेल्या मल्लखांबावर मुलगी नवी असताना साधी अढी, तेढी आणि बगली अशा खांब धरण्याच्या पकडींची सरमिसळ करायला लावणे मला धोक्याचे वाटते. मांडीची पकड कुठे येते हेच जिला अजून उमगलेले नाही, तिला दर वेळी वेगळे काम दिले तर ती घसरून खाली येईल, आणि एकदा पडलेली मुलगी महिनाभर खांबाकडे संशयाने पाहते. आमच्याकडे एकच अढी पुन्हा पुन्हा घोटून घेतात, त्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे. प्रयोगशाळेत लाकडी पट्ट्या पाडणाऱ्या विद्यार्थ्यांना चुकीची किंमत हाडाने मोजावी लागत नव्हती.

आणखी एक निरीक्षण आहे. नवी मुलगी खांबावर चढली की सगळे अंग ताठ धरते. कोपर, गुडघे, मान, सगळेच. आम्ही कितीही सांगितले तरी ती सैल पडत नाही. काही महिन्यांनी ते ताठपण आपोआप सुटते आणि मग तिच्या हालचालीत डौल येतो. याचे काही शास्त्र आहे का?

चलनवलन

मी याच विषयात संशोधन करतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

तेढी_अढी यांनी जे पाहिले, त्याचे वर्णन सोव्हिएत शरीरशास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाईन यांनी करून ठेवले आहे. 1920च्या दशकात मॉस्कोच्या श्रमसंस्थेत त्यांनी छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या निष्णात कामगारांच्या हालचालींचे चित्रण केले. त्यांच्या लक्षात आले की हातोड्याचे टोक दर वेळी जवळजवळ त्याच ठिकाणी पोहोचते, पण खांदा, कोपर आणि मनगट यांचे मार्ग मात्र प्रत्येक घावाला बदलतात. एका सांध्याची चूक दुसरा सांधा सावरून घेतो. म्हणजे निष्णात माणूस एकच हालचाल पुन्हा पुन्हा करत नसतो, तर तोच प्रश्न प्रत्येक वेळी थोड्या वेगळ्या हालचालीने सोडवत असतो. बर्नस्टाईन यांनी याला पुनरावृत्तीविना पुनरावृत्ती म्हटले. शरीराला हलण्याच्या असंख्य वाटा उपलब्ध असतात आणि नवख्याला त्या सगळ्या एकदम आवरता येत नाहीत. म्हणून तो बरेचसे सांधे ताठ धरून प्रश्न सोपा करतो आणि जमू लागले की एकेक सांधा मोकळा करतो. तेव्हा तुमच्या मुलींचे ताठ अंग ही चूक समजू नका. ती त्यांनी स्वतः शोधलेली तात्पुरती सोय आहे.

सरमिसळीविषयी तुमची शंकाही रास्त आहे आणि तिला संशोधनाचा आधार आहे. ब्रॅडी यांनी 2004 साली तोवरच्या प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडला, तेव्हा प्रयोगशाळेत दिसणारा परिणाम प्रत्यक्ष खेळांमध्ये बराच क्षीण झालेला आढळला. त्याच वर्षी मार्क ग्वाडान्योली आणि ली यांनी सुचवलेली मांडणी मला अधिक उपयोगी वाटते. तिच्यानुसार सरावातील अडचण शिकणाऱ्याच्या पातळीशी जुळली पाहिजे. नवख्याला मूळ कामच इतके कठीण असते की वर सरमिसळीचा बोजा टाकला तर त्याच्या हाती काहीच लागत नाही. सरावलेल्याला तेच काम एकजिनसी पद्धतीने दिले तर त्याला विचार करायला काही उरत नाही. तुमच्या पहिल्या सहा महिन्यांच्या मुलींना एकच अढी घोटू द्यावी. दोन वर्षे झालेल्या मुलींना मात्र तसे करू देऊ नये.

घोटण्यातही विविधता आणता येते. रिचर्ड श्मिट यांनी 1975 साली मांडलेल्या सिद्धांतानुसार आपण प्रत्येक फेकीची वेगळी आज्ञा मेंदूत साठवत नाही, तर फेकण्याचा एक सर्वसाधारण आराखडा साठवतो आणि अंतर, वजन, वेग यांनुसार त्यात आकडे भरतो. केर आणि बूथ यांनी 1978 साली आठ वर्षांच्या मुलांना छोट्या पिशव्या लक्ष्यावर फेकायला दिल्या. काही मुलांनी फक्त तीन फुटांवरून सराव केला. इतरांनी दोन आणि चार फुटांवरून केला, तीन फुटांवरून कधीच नाही. शेवटची परीक्षा तीन फुटांवरून होती आणि तीत दुसरा गट सरस ठरला. ज्या अंतराचा सराव केलाच नाही, त्या अंतरावर ती मुले जिंकली. पुढच्या सर्वच प्रयोगांत श्मिट यांचा सिद्धांत इतका स्वच्छ उतरला नाही, हेही इथे नमूद केले पाहिजे.

जुनी_जिमखाना_वारी

प्रयोगांविषयी आदर बाळगून एवढेच म्हणतो की यातले बरेचसे आपल्या मैदानांवर आधीपासून घडत होते. रमाकांत आचरेकर यांची नाण्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. सरावाच्या शेवटी यष्टीवर रुपया ठेवायचा, सचिनला बाद करील त्या गोलंदाजाचा तो रुपया, आणि कोणीच बाद करू शकले नाही तर सचिनचा. अशी तेरा नाणी त्याने जपून ठेवली आहेत. या गोष्टीकडे आपण जिद्दीची कथा म्हणून पाहतो, पण या धाग्याच्या दृष्टीने तिचा अर्थ वेगळा आहे. दमलेला फलंदाज, बदलते गोलंदाज आणि बाद होण्याची खरी किंमत, असा तो सराव होता. स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळलेले आचरेकर मुलांना नेटपेक्षा सामन्यांत अधिक शिकवत, स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्यावर नेत. मुंबईत 1948 पासून ऐन पावसाळ्यात खेळली जाणारी कांगा लीगही तशीच आहे. ओली खेळपट्टी, वाढलेले गवत, कधी थबकणारा आणि कधी उसळणारा चेंडू. तिथे पाठ केलेला कव्हर ड्राईव्ह काय कामाचा?

डॉन ब्रॅडमन बालपणी ऑस्ट्रेलियातील बाउरलच्या घरी पाण्याच्या टाकीच्या गोल विटांच्या ओट्यावर गोल्फचा चेंडू आपटत आणि परतून येणारा चेंडू यष्टीने टोलवत. तो कसा परतेल हे सांगता येत नसे. कोणत्याही प्रशिक्षकाने आखलेला तो सराव नव्हता.

चलनवलन

आपली उदाहरणे मला आवडली, फक्त एक सावधगिरी बाळगू या. त्याच मैदानांवर तसेच सामने खेळून पुढे न गेलेली हजारो मुले आपल्या कथेत येत नाहीत, त्यामुळे एका सचिनवरून पद्धतीचा गुण सिद्ध होत नाही. तरी ब्रॅडमन यांचे उदाहरण कार्ल न्यूएल यांच्या 1986 सालच्या मांडणीत चपखल बसते. त्यांच्या मते हालचाल घडवणाऱ्या मर्यादा तीन ठिकाणांहून येतात: खेळाडूचे शरीर, भोवतालची परिस्थिती आणि प्रत्यक्ष काम. बॅटऐवजी यष्टी आणि सपाट भिंतीऐवजी गोल ओटा मिळाला की शरीर स्वतःच वेगळे उत्तर शोधते, त्याला तोंडी सूचना लागत नाही. प्रशिक्षकाने उत्तर सांगण्याऐवजी प्रश्न बदलत राहावे, असे या पंथाचे लोक म्हणतात. कधीकधी ते अतिरेक करतात आणि सूचना देणे हेच पाप असल्यासारखे बोलतात, ते मला मान्य नाही.

क्रिकेटमध्ये या मताला बळ मिळते ते डोळ्यांच्या अभ्यासातून. वेगवान चेंडू फलंदाजापर्यंत जेमतेम अर्ध्या सेकंदात येतो. पीटर मॅक्लिऑड यांनी 1987 साली मॅटिंगखाली लाकडी कांब्या लपवून चेंडू टप्प्यावर अनपेक्षित वळेल अशी व्यवस्था केली, तेव्हा निष्णात फलंदाजांनाही त्या वळण्याला प्रतिसाद द्यायला सुमारे 200 मिलिसेकंद लागले. म्हणजे त्यांची प्रतिक्रिया सामान्य माणसाहून वेगवान नसते. मग ते खेळतात कसे? 2000 साली मायकेल लँड आणि मॅक्लिऑड यांनी फलंदाजांच्या नजरेचा मागोवा घेतला. फलंदाज चेंडू सुटताना पाहतो, मग नजर उडी मारून टप्पा जिथे पडेल असे वाटते तिथे चेंडूआधीच जाऊन थांबते, आणि चांगला फलंदाज ती उडी लवकर घेतो. त्याहीआधी गोलंदाजाच्या हातावरून आणि मनगटावरून त्याने अंदाज बांधलेला असतो. आता मधली_फळी यांच्या त्या मुलाकडे पाहा. दहा पावलांवरून, उभ्याउभ्या, एकाच टप्प्यावर टाकलेल्या चेंडूत वाचण्यासारखे काय होते? बॅट कशी फिरवायची हे तो शिकला, पण कधी आणि कोणत्या चेंडूला फिरवायची हा फटक्याचा अर्धा भाग सरावात आलाच नाही. बॉलिंग मशीनसमोर फलंदाजाच्या हालचालींचा आरंभ आणि ताल खऱ्या गोलंदाजासमोरच्याहून वेगळा असतो, असे अभ्यासांत दिसले आहे. त्याचेही कारण हेच.

जाळीबाहेरचा_बाप

लेखातले मान डोलावणारे वडील मीच असू शकतो, म्हणून विचारण्याचे धाडस करतो. मी प्रत्येक चेंडूनंतर मुलाला काहीतरी सांगतो: कोपर वर, डोके स्थिर, पाय पुढे. त्याने मदत होते की अपाय?

चलनवलन

दर चेंडूनंतर सांगत असाल तर बहुधा अपाय होतो. कॅरोली विन्स्टाईन आणि श्मिट यांनी 1990 साली दाखवले की प्रत्येक प्रयत्नानंतर निकाल कळलेल्यांपेक्षा सुमारे निम्म्या वेळीच कळलेले लोक नंतर सरस ठरले. दर वेळी बाहेरून दुरुस्ती मिळाली की स्वतःची चूक स्वतः ओळखण्याची सवय लागत नाही, आणि सामन्यात तुम्ही सीमारेषेपलीकडे असता.

दुसरा धोका रिच मास्टर्स यांनी 1992 साली दाखवला. त्यांनी एका गटाला गोल्फमधील पटिंग, म्हणजे चेंडू हलक्या फटक्याने खड्ड्यात घालणे, भरपूर सूचना देऊन शिकवले. दुसऱ्या गटाला पट मारतानाच मोठ्याने असंबद्ध अक्षरे उच्चारायला लावली, म्हणजे मनात नियम तयार व्हायला सवडच नको. दडपणाखाली दुसरा गट सुधारत राहिला आणि नियम पाठ असलेला गट अडखळला. ताण आला की माणूस अंगवळणी पडलेली हालचाल पुन्हा नियमांनी चालवू पाहतो आणि तिचा ताल मोडतो. सांगायचेच असेल तर एखादी उपमा सांगावी. टेबल टेनिसचा टॉपस्पिन शिकवताना बारा नियमांऐवजी बॅटने काटकोन त्रिकोण काढ, एवढेच सांगितलेले शिकाऊ विचारांचा दुसरा भार असतानाही टिकले, असे लिआओ आणि मास्टर्स यांना 2001 साली आढळले.

जाळीबाहेरचा_बाप

समजले. दर दहा चेंडूंनंतर एकच वाक्य बोलेन आणि तेही त्याने विचारले तर. पहिला आठवडा माझ्यासाठीच कठीण जाईल.

मधली_फळी

दरम्यान चार रविवार गेले, म्हणून प्रत्यक्षात काय केले ते सांगतो. पहिल्या वर्षाच्या मुलांना हात लावला नाही. तेढी_अढी यांचा इशारा लक्षात ठेवला. मोठ्या सात मुलांसाठी मात्र पुढचा टप्पा, आखूड टप्पा आणि यष्टीबाहेरचा सोडून द्यायचा चेंडू, अशी सरमिसळ सुरू केली आणि चेंडू शक्यतो मुलांनीच पूर्ण धाव घेऊन टाकायचे, असे ठरवले. पहिल्या दिवशी सगळे चिडले. एकाने तर विचारले की सर, आज आपण काही शिकलो का? त्यांचे फटके खरोखरच वाईट दिसत होते. हे असेच दिसणार, हे आधी वाचलेले नसते तर मी त्याच दिवशी जुन्या पद्धतीवर परतलो असतो. सामन्यांतल्या धावांवरून निष्कर्ष काढायला चार आठवडे अपुरे आहेत. एवढे खरे की सोडायचे चेंडू मुले आता सोडू लागली आहेत.

एक गंमत मात्र सांगितली पाहिजे. जेव्हा मी स्वतः चेंडू टाकतो, तेव्हा माझी सरमिसळ अजिबात सरमिसळ नसते. दोन चेंडू पुढे टाकले की तिसरा आखूड पडतोच, हे तेरा वर्षांच्या एका मुलाने दुसऱ्याच रविवारी ओळखले आणि तो आधीच मागच्या पायावर जाऊन पुल मारू लागला. तेव्हापासून पंचांच्या जागी एक मुलगा लुडोचा फासा घेऊन बसतो. तो पाठमोरा फासा टाकतो, मला बोटांनी खूण करतो, आणि मी त्याप्रमाणे चेंडू टाकतो.

तेढी_अढी

लुडोचा फासा आमच्याही घरी आहे. दोन वर्षे पूर्ण झालेल्या पाच मुली आहेत. खांबाखाली गादी घालून उद्यापासून सुरू करते आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर इथे लिहिते.